टीव्हीच्या मुंग्या कागदावर छापायच्यात, पण जाळीच नडायलीय

परभणीचा_पडदा (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं परभणीत लग्नपत्रिकांचं दुकान. बाबांनी तीसेक वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून रबरानं शाई ओढून छापायचं काम. पत्रिका, पावतीपुस्तकं, कापडी पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट. आता पत्रिका मोबाईलवरच जाते. ज्यांना कागदाचीच हवी ते डिजिटल मशीनवर काढून घेतात. मागच्या खोलीत फ्रेमा, रबर, शाईचे डबे तसेच पडून होते. त्यातून काहीतरी करायचं होतं, फक्त पत्रिका करायच्या नव्हत्या.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्ही निघाला. लावला तर चालू! स्टेशन कुठलं लागायलंय आता, नुसत्या मुंग्या. पण त्या बघत मी अर्धा तास बसलो. पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचं काम लहानपणी माझ्याकडं होतं आणि खालून आज्जीचा आवाज, "आलं आलं... गेलं की रे!" बिघडलेल्या चित्राची सगळी रूपं पाठ होती तेव्हा. मुंग्या, वर वर पळणारं चित्र, तिरपे फाटलेले चेहरे. नंतर डिश आली, मग पावसात चित्राचे चौकोनी तुकडे व्हायला लागले. ही सगळी बिघाडं सिल्कस्क्रीननं छापायची, प्रत्येकाच्या पंचवीस-तीस प्रती, असं ठरवलं.

आता अडचण. टीव्हीचा मोबाईलनं फोटो काढला, ४५ लाइनचं हाफटोन केलं (छटांच्या जागी लहानमोठे ठिपके, इंचाला ४५ रांगा), घरात होती ती ५५ नंबरची जाळी लावली आणि ओढलं. मुंग्या बाजूलाच, सगळ्या चित्रावर चौकड्याची लुंगी पसरल्यासारखी दिसायली. बाबांनी लांबूनच बघितलं. "जाळी उठली. हे गिऱ्हाईक परत करतंय बघ."

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. लाल आणि निळा रंग मुद्दाम सरकवून एक प्रिंट काढला, जुन्या रंगीत टीव्हीवर कडांना रंग सुटायचे तसा. मित्राला दिला. तो म्हणाला, "रंग हललाय, दुसरा दे." तर केलेली चूक आणि झालेली चूक बघणाऱ्याला वेगळी कळावी कशी?

उगीच_एक

बिघडलेल्या टीव्हीचं चित्र भिंतीला लावायचं आणि वर पैसे द्यायचे? आमच्या गोठ्यात तसला अख्खा टीव्ही आहे, फुकट घेऊन जा.

परभणीचा_पडदा

पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. खरंच येतो.

स्टेन्सिल_सुमन (संभाजीनगर)

पडदा, आधी जाळीचं बघू. बाबा म्हणतात ते बरोबरच आहे, पण कारण सांगते.

तुमच्या ५५ नंबरच्या जाळीत एका सेंटिमीटरला ५५ धागे, म्हणजे इंचाला साधारण १४०. त्यावर ४५ लाइनचं हाफटोन म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला धड तीनच धागे. धाग्यांची एक जाळी, ठिपक्यांची दुसरी, दोन्ही जवळपास एकाच मापाच्या. एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी उठते, ती मॉइरे. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून बघा, तेच. ठिपक्याला साडेचार-पाच धागे तरी मिळायला हवेत. ५५ वर ३० लाइनच्या पुढं जाऊ नका. १२० नंबरवर ६० लाइनपर्यंत चालतं. आणि ठिपक्यांचा कोन जाळीशी २२.५ अंश ठेवा. शून्य किंवा ४५ ठेवलात तर पुन्हा लुंगी.

पण माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. मुंग्यांना हाफटोन हवंच कशाला? मुंगी एकतर आहे किंवा नाही. काळं किंवा पांढरं. जे मुळातच ठिपके आहेत त्यांचे पुन्हा ठिपके करून तुम्ही स्वतःच लुंगी विणलीत.

रंग हलण्याबद्दल: अर्धा मिलिमीटर हलला तर लोक चूक म्हणतात, सहा मिलिमीटर हलला तर विचारात पडतात. आणि चित्राभोवतीची चौकट मात्र दोन्ही रंगांत केसाच्याही फरकाशिवाय जुळलेली पाहिजे. चौकट जुळलेली दिसली की डोळ्याला कळतं, छापणाऱ्याला जुळवता येतं, आत त्यानं मुद्दाम सोडलंय. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९६२ पासून सिल्कस्क्रीन हातात घेतलं आणि रंग रेषेबाहेर जाणं, शाई मध्येच फिकी पडणं हे सगळं ठेवून दिलं. त्याच माणसानं १९८५ मध्ये अमिगा संगणकाच्या उद्घाटनाला मंचावर बसून गायिका डेबी हॅरीचं चित्र संगणकावर रंगवलं होतं. म्हणजे पडदा आणि जाळी यांचं नातं तुमच्या-माझ्या आधीचं आहे.

जुना_अँटेना (नांदेड)

बाबू, तुझा धागा वाचून हसू पण आलं अन् बरं पण वाटलं. बावीस वर्षं टीव्ही दुरुस्ती केलो मी. लोक मुंग्या घालवायला पैसे द्यायचे, तू आणायलास.

मुंग्या कुठून येतात ते आधी समजून घे, मग छाप. सिग्नल नसला की सेट आपोआप आवाज वाढवतो, म्हणजे चित्राचा सिग्नल मोठा करत जातो. ऐकायला काहीच नाही तरी कान लावून बसल्यावर आपल्याच कानात गुं गुं येतं ना, तसं. सेटच्या आतल्या भागांतलाच खळखळाट पडद्यावर दिसतो. बाहेरून येणारा थोडाच, बहुतेक घरचाच.

दुसरं, तू रंगीत मुंग्या छापू नकोस. रंगीत टीव्हीवर सुद्धा मुंग्या काळ्या-पांढऱ्याच असतात. स्टेशन रंगाची खूण पाठवतं, ती सापडली नाही की सेटमधलं कलर किलर नावाचं सर्किट रंगच बंद करतं. रंगीबेरंगी मुंग्या सिनेमावाले दाखवतात, ज्यांनी कधी सेट उघडला नाही ते.

तिसरं, फोटो. आपल्याकडचा पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला २५ पूर्ण चित्रं काढतो, अन् एकेक चित्र दोन हप्त्यांत. आधी विषम ओळी, मग सम ओळी, एकेक हप्ता सेकंदाच्या पन्नासाव्या भागात. मोबाईलचा शटर त्याहून जलद असला की चित्राचा तुकडाच मिळतो, बाकी काळा पट्टा. प्रो मोडमध्ये शटर सेकंदाच्या २५ व्या भागावर ठेव, मोबाईल स्टँडवर, खोलीत अंधार.

ओळी एकूण ६२५. दिसणाऱ्या ५७६. बाकीच्या चित्राच्या वरखाली लपतात. वर पळणारं चित्र म्हणजे व्हर्टिकल होल्ड, चित्राची उभी पकड, सुटली, तिरपं फाटलेलं म्हणजे हॉरिझॉन्टल, आडवी. एकामागं एक दोन माणसं दिसली की आम्ही "भूत आलंय" म्हणायचो. डोंगरावरून, टाकीवरून सिग्नल आपटून उशिरा पोचतो, त्याची सावली. भूत छापायचं असलं तर ते नेहमी मूळ चित्राच्या उजवीकडं असतं, कारण किरण डावीकडून उजवीकडं जातो अन् उशिरा आलेलं पुढं पडतं. डावीकडं छापलंस तर माझ्यासारखा एखादा पकडंल तुला.

परभणीचा_पडदा

काका, ५७६ वाचलं आणि फुटपट्टी घेऊन बसलो. एका ओळीला अर्धा मिलिमीटर धरला तर ५७६ ओळी २८८ मिलिमीटर होतात. ए-थ्री कागदाची रुंदी २९७! आडवा धरला की अख्खा टीव्ही ओळ न ओळ एका कागदावर बसतो. चाराला तीन या मापानं लांबी ३८४, कागद ४२०. हे असं जुळेल असं वाटलं नव्हतं.

मग पुढचं सुचलं. विषम ओळी एका स्क्रीनवर, सम ओळी दुसऱ्या. दोन रंग. टीव्ही जसा दोन हप्त्यांत काढतो तसंच मी दोन ओढींत काढणार. पहिल्या ओढीत २८८ काळ्या ओळी, मध्ये तेवढीच मोकळी जागा, दुसऱ्या ओढीत त्या फटींत राखाडी ओळी. आणि दोन हप्त्यांच्या मध्ये कुणी हललं असलं तर कडा कंगव्यासारख्या दिसतील, तेही आपोआप येईल.

स्टेन्सिल_सुमन

सुंदर. आणि वेडेपणा. पाव मिलिमीटर सरकलं की अर्धी ओळ अर्ध्या ओळीवर चढली. दुसऱ्या रंगाला तुमचे बाबा टेबलाशी उभे राहणार असतील तरच करा.

शिवाय ओळी जाळीच्या धाग्यांना समांतर ठेवू नका, कडा करवतीसारख्या येतील आणि संथ पट्टे उठतील. फिल्म, म्हणजे ज्यावरून चित्र जाळीवर उतरतं तो पारदर्शक कागद, फ्रेममध्ये २२ अंशांवर तिरकी लावा आणि टेबलावर कागदही तेवढाच तिरका. फ्रेम मोठी लागेल.

बाइटबुवा (मूळ लातूर, पोटापाण्याला पुणे)

हिशोबात एक खडा आहे, पडदा. तुझी फिल्म निघणार ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांच्या, लेझर प्रिंटरवर. अर्ध्या मिलिमीटरात त्याचे ११.८ ठिपके बसतात. अर्धामुर्धा ठिपका प्रिंटरला काढता येत नाही, मग तो बऱ्याच ओळी १२ च्या आणि मध्येच एखादी ११ ची करणार आणि तुझ्या मुंग्यांत नियमित सुरकुत्या पडणार. त्यापेक्षा चित्र बरोबर ११ पट मोठं कर. ७६८ बाय ५७६ चं होईल ८४४८ बाय ६३३६, कागदावर साधारण ३५८ बाय २६८ मिलिमीटर. समासही मिळेल. मोठं करताना 'नीअरेस्ट नेबर' निवड. दुसरं काही निवडलंस की सॉफ्टवेअर कडा गुळगुळीत करतं, करडेपणा येतो आणि परत हाफटोनच्या दारात.

राखाडी छटा लागल्याच तर हाफटोनऐवजी डिथरिंग, म्हणजे एकसारखे काळे ठिपके दाट-विरळ मांडून छटेचा भास करणं. दोन जाती. बायरची १९७३ ची पद्धत ठरलेला चौकोनी साचा वापरते, जुन्या संगणकासारखी नक्षी दिसते, देखणी असते, पण नियमित असल्यानं जाळीशी भांडते. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची पद्धत प्रत्येक ठिपक्याची चूक शेजाऱ्यांना वाटून देते. उजवीकडच्याला सोळातले सात भाग, खालच्या तिघांना तीन, पाच, एक. त्यात नियमित ओळ नसल्यानं मॉइरे जवळपास उठत नाही. पहिल्या मॅकिन्टॉशचा पडदा ५१२ बाय ३४२, नुसता काळा-पांढरा. त्या काळात अ‍ॅपलच्या बिल अ‍ॅटकिन्सन या प्रोग्रामरनं आठातले सहाच भाग वाटले, दोन सोडून दिले. त्यामुळं उजळ भाग एकदम मोकळा राहतो. शाई कागदावर पसरून ठिपका फुगतोच, म्हणून स्क्रीन प्रिंटला मला हीच जास्त मानवते असं वाटतं. सुमनताई, चुकत असलो तर सांगा.

डिश फुटल्यासारखं चित्र हवं असेल तर फिल्टर लावू नकोस, खरंच फोड. जेपेग फाइलची प्रत काढ, हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड. सुरुवातीचे हजारभर बाइट सोड, तिथं कोष्टकं असतात, ती गेली तर फाइलच उघडत नाही. मधले एकदोन बाइट बदल. जेपेगमध्ये चित्र ८ बाय ८ च्या चौकोनांत असतं आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी उजळी मागच्याशी किती फरक एवढीच लिहिलेली असते. उधारीच्या वहीत मधला एक आकडा चुकला की खालच्या सगळ्या बेरजा चुकतात, तसं. बदललेल्या जागेपासून खाली पूर्ण चित्राचा रंग फिरतो, तुकडे सरकतात. आवडलं की लगेच पीएनजीत जतन कर, कारण तीच मोडकी फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळीच दिसते.

उगीच_एक

आमच्या दुकानदाराची वही अशीच आहे. ती छापा.

नाथसागर (पैठण)

छपाईतलं मला कळत नाही, पण चौकोनाचं थोडं कळतं. आमच्या गल्लीत माग आहेत. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया जवळून बघा, गोलाई नसतेच. सगळी वळणं पायऱ्यापायऱ्यांची. प्रत्येक रंगाची बारकी कांडी वेगळी, आणि रंग बदलतो तिथं दोन धागे एकमेकांत अडकवून परत फिरतात. हिमरू कापड विणणाऱ्यांकडं तर भोकांचे पुठ्ठे असायचे, जकार्डचे. भोक आहे तिथं धागा उचलायचा, नाही तिथं नाही. ही युक्ती १८०४ ची, म्हणजे तुमच्या संगणकाच्या कितीतरी आधीची.

एक सुचवू? रंगीत टीव्हीच्या काचेला नाक लावलं की लाल, हिरवे, निळे ठिपके दिसायचे ना, ते तिरक्या रांगांत असायचे. एका रांगेतला ठिपका वरच्या दोघांच्या मधोमध. आई दारात 'पंधरा ते आठ'ची रांगोळी काढायची तिचे ठिपके हुबेहूब तसेच मांडतात. त्या ठिपक्यांवर टीव्ही छापा की.

जुना_अँटेना

सगळ्या सेटला नाही. काहींना उभ्या पट्ट्या असायच्या. पण आमच्या दुकानात यायचे त्यातले बरेच ठिपक्याचेच. बरोबर बोलायलेत.

अन् बाबू, मुंग्यांबरोबर रंगाचे पट्टे पण छाप. कार्यक्रमाआधी ते उभे पट्टे लागायचे बघ. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळट गुलाबी, लाल, निळा, काळा. १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं, पण आमच्या गल्लीत रंगीत सेट यायला लई वर्षं गेली. पहिला सेट आला तेव्हा लोक पट्टे बघायला सुद्धा बसायचे.

बाइटबुवा

काका, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय दिलंत. आठ पट्ट्यांना आठ स्क्रीन लागत नाहीत, तीन पुरतात! आकाशी, गुलाबी, पिवळी अशा तीन पारदर्शक शाया घ्यायच्या. पिवळी एकाआड एक पट्ट्यावर: दुसरा, चौथा, सहावा, आठवा. आकाशी दोनदोनच्या जोडीनं: तिसरा-चौथा आणि सातवा-आठवा. गुलाबी सरळ उजव्या अर्ध्या भागावर. पिवळ्यावर आकाशी चढली की हिरवा, पिवळ्यावर गुलाबी चढली की लाल, आकाशी-गुलाबीचा निळा, तिन्हींचा काळा, आणि पहिल्या पट्ट्यावर काहीच नाही तो कागदाचा पांढरा. क्रम आपोआप टीव्हीचाच येतो. एकाआड एक, दोन-दोन, चार: हे बायनरीत शून्य ते सात मोजणं आहे.

स्टेन्सिल_सुमन

करून बघितलं, आत्ता, वर्गातल्या उरलेल्या शाईवर. येतात. काळा मात्र काळा नाही, चॉकलेटी येतो. चालेल.

आता कोरड्या सल्ल्यांकडं. पडदा, तुम्ही मे महिन्यात छापणार असाल तर पहाटे छापा. दहानंतर पाण्याची शाई जाळीतच वाळते आणि बारीक ठिपके एकेक करून बुजतात. मध्ये चहाला जायचं असेल तर आधी शाईचा थर जाळीवर पसरून ठेवा, कोरडी सोडू नका. कागद आदल्या रात्रीच खोलीत पसरा. कूलर लावला की हवा ओली, बंद केला की कोरडी, आणि कागद त्याप्रमाणं फुगतो-आक्रसतो. दोन रंगांच्या मध्ये कूलरचं बटण कुणाला दाबू देऊ नका. पाव मिलिमीटर तिथंच जातो.

फिल्म दोन्ही एकाच प्रिंटरवर, एकाच दिशेनं काढा. ट्रेसिंग पेपरला तेल लावून पत्रिकेचं काम भागतं, पण लेझरच्या उष्णतेनं तो आखडतो. ओळीला ओळ जुळणार नाही.

परभणीचा_पडदा

एक्स्पोज, म्हणजे सोल्यूशन लावलेल्या जाळीवर फिल्म ठेवून उजेड देणं, आम्ही उन्हातच करतो, गच्चीवर. काच, खाली काळा स्पंज. बाबा सेकंद मनात मोजतात.

स्टेन्सिल_सुमन

बाबांचं मोजणं पत्रिकेला ठीक. मुंग्यांसाठी पुठ्ठा सरकवत पायऱ्यांची चाचणी घ्या. जास्त ऊन लागलं तर ठिपके उघडत नाहीत, कमी लागलं तर धुताना सगळंच वाहून जातं. आणि बायक्रोमेटचं सोल्यूशन वापरत असाल तर हातमोजे घाला, ते विषारी आहे. धुतलेलं पाणी झाडांना किंवा आडाजवळ अजिबात ओतू नका.

बाइटबुवा

पाण्यावरून आठवलं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या शेजारच्या स्क्रीनवाल्यानं जुन्या स्क्रीन धुणंच बंद केलं होतं. चार महिने त्याच त्या डिझाइनच्या पिशव्या निघाल्या. पडदा, नळीपेक्षा फवारणीचा पंप वापर. बारीक नोझल, पाणी अगदी थोडं, आणि ठिपके स्वच्छ उघडतात. पण पंप नवा घे, औषध मारलेला नको.

परभणीचा_पडदा (बारा दिवसांनी, रात्री ११.१५)

मंडळी, झालं. बरंचसं तुम्ही सांगितलं तसं, थोडं नाही.

१२० नंबरची जाळी, फ्रेम आतून २५ बाय २३ इंच करून घेतली. ११ पटीचं गणित चोख. पहिली स्क्रीन पहाटे धुतली, पंपानं, एका बादलीत. प्रकाशाकडं धरली तर लाखो बारीक छिद्रं लुकलुकायली. वाळायला मागच्या खोलीत उभी केली आणि कागद आणायला बाजारात गेलो.

परत आलो तर बाबा स्टुलावर बसलेले, हातात झिरो नंबरचा ब्रश, शेजारी वाटीत सोल्यूशन. चष्मा नाकावर. मला म्हणाले, "केवढी पिनहोल, नको तिथली भोकं, पडलीत रे, धूळ बसली होती काय कोटिंगवर? दीड तास झाला बुजवायलोय." तीस वर्षांची सवय. स्क्रीन दिसली की पिनहोल बुजवायची. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या तळहाताएवढ्या भागातल्या सगळ्या मुंग्या त्यांनी एकेक करून मारल्या होत्या. मला रडावं का हसावं कळेना. काय छापायचंय ते मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं.

स्क्रीन परत करायला पाणी होतं, धीर नव्हता. तशीच छापली. दुसऱ्या रंगाला बाबा स्वतः उभे राहिले आणि खोटं सांगत नाही, अठ्ठावीसपैकी चोवीस कागदांवर ओळ ओळीत बसली. कूलर बंद, दोघं घामानं निथळलेले. मला एवढ्या वर्षांत एकदाही तसं जुळवता आलेलं नाही.

फोटो जोडलाय. कोपरा मोकळा दिसतो तो त्यामुळंच. नवी स्क्रीन करावी म्हणतोय.

जुना_अँटेना

करू नको. फोटो मोठा करून बघितलो मी. अँटेना बरोबर दिशेला वळायला लागला की एखाद्या भागात मुंग्या अशाच विरळ व्हायच्या, अन् पत्र्यावरच्याला आम्ही ओरडायचो, "बस, हलवू नको आता!"

एक प्रत माझ्यासाठी ठेव.

उगीच_एक

माझ्यासाठी पण. टीव्ही कधी न्यायलास ते सांग, गोठ्यात जागा हवीय.